न जाणता दिलेले मत

मतदान हे नागरिकाचे कर्तव्य आहे, याविषयी आपल्या ख्रिस्तसभेत दुमत नाही. सार्वजनिक हितासाठी मुक्तपणे मत देणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, अशी आठवण दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात करून दिली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने तर कर भरणे, मतदान करणे आणि देशाचे रक्षण करणे या तिन्ही गोष्टी नैतिक बंधने म्हणून एकाच पंक्तीत बसविल्या आहेत. आमची प्रवचने बहुधा येथेच थांबतात. मत द्या, असे आम्ही सांगतो. कोणाला द्या, हे आम्ही सांगत नाही आणि सांगूही नये. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न उभा आहे, आणि त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्या माणसाविषयी मला काहीच ठाऊक नाही, त्याच्या नावापुढे खूण करणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे काय? आणि ठाऊक नसेल, तर ते ठाऊक करून घेण्याचे बंधन माझ्यावर कितपत आहे?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप पाहावयाचे असेल, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काउंटीच्या प्राथमिक निवडणुकीकडे पाहावे. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले तेथे स्थायिक झाली आहेत. काहींनी तेथील नागरिकत्वही पत्करले आहे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीविषयी त्यांना अडचण पडत नाही. अडचण पडते ती मतपत्रिकेच्या खालच्या अर्ध्या भागात. तेथे कधीही न ऐकलेल्या माणसांची नावे एकाखाली एक येतात आणि खूण करणारा हात थबकतो.

प्रथम ही व्यवस्था थोडक्यात समजून घेऊ. अमेरिकेतील राज्यांचे काउंटी नावाचे विभाग आहेत. आपल्याकडील जिल्ह्याशी त्यांचे काहीसे साम्य आहे. समकक्ष विभाग धरून देशभर त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक भरते. लुइझियाना राज्यात या विभागांना काउंटी न म्हणता पॅरिश, म्हणजे धर्मग्राम, असे म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश अमलाखाली तेथे कॅथलिक धर्मग्रामांच्या सीमा आखल्या गेल्या होत्या, आणि राज्यकर्ते बदलले तरी ते नाव टिकून राहिले. अशा ६४ पॅरिश त्या राज्यात आहेत.

आपल्याकडे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व सरकारी वकील हे नेमलेले असतात. तेथे अशी अनेक पदे लोक मत देऊन भरतात. बहुतेक राज्यांत शेरीफ निवडून येतो. त्याच्या हाताखाली पोलीस असतात आणि बहुतेक ठिकाणी काउंटीचा तुरुंगही असतो. कोणावर खटला भरावयाचा व कोणता आरोप ठेवावयाचा हे ठरविणारा मुख्य सरकारी वकील बहुतेक राज्यांत निवडून येतो. मालमत्तेचे मूल्य ठरविणारा अधिकारी, कोषाधिकारी, दस्तऐवज सांभाळणारा आणि पुष्कळ ठिकाणी निवडणुकाही चालविणारा क्लार्क, अंदाजपत्रक मंजूर करणारे मंडळाचे सदस्य ही पदेही बहुधा मतांवरच भरली जातात. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर कित्येक राज्यांत निवडून येतो आणि त्याने वैद्य असलेच पाहिजे असा नियम सर्वत्र नाही. टेक्सस राज्यात लहान दाव्यांचा निवाडा करणारे जस्टिस ऑफ द पीस हे निवडून येणारे न्यायाधीश असतात, आणि त्यांना वकिलीची पदवी लागत नाही.

प्राथमिक निवडणूक म्हणजे या पदांसाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा हे मतदारांनीच ठरविण्याची निवडणूक. आपल्याकडे तिकीट पक्षाचे श्रेष्ठी देतात. तेथेही पूर्वी पक्षाचे पुढारी बंद खोलीत नावे ठरवीत. विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध चळवळ केली. १९०४ साली तेथील मतदारांनी प्राथमिक निवडणुकीच्या कायद्याला कौल दिला आणि १९०६ साली तिचा प्रथम वापर झाला. पुढे ही पद्धत देशभर पसरली. काही राज्यांत केवळ पक्षाचे नोंदलेले सदस्य मत देऊ शकतात. टेक्ससमध्ये पक्षनोंदणीच नसल्याने मतदार हवी त्या पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. कॅलिफोर्नियाने २०१० साली वेगळा मार्ग निवडला: राज्याच्या व संसदेच्या बहुतेक पदांसाठी सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात आणि पहिले दोघे अंतिम फेरीत जातात.

आता अडचण नेमकी कोठे आहे ते ध्यानात येईल. सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवार अनोळखी असला तरी त्याच्या नावापुढे पक्षाचे नाव असते, आणि त्यावरून काही अंदाज बांधता येतो. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत सारे उमेदवार एकाच पक्षाचे. ती खूण तेथे निरुपयोगी ठरते. उरते केवळ नाव. शिवाय अनेक काउंट्यांत एकाच पक्षाचे इतके प्राबल्य असते की प्राथमिक निवडणुकीत जिंकला तो पुढे निवडून आल्यासारखाच असतो. म्हणजे खरा निर्णय जेथे होतो, तेथेच मतदाराला सर्वांत कमी माहिती असते आणि तेथेच मतदान सर्वांत कमी होते.

यावर कोणी म्हणेल, पदे लहान आहेत, अज्ञानाने फार काय बिघडणार? पण पद लहान असले तरी अधिकार लहान असतोच असे नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयाचा स्पर्श एखाद्या गरीब घराला क्वचितच थेट होतो. शेरीफच्या निर्णयाचा होतो. काउंटीच्या तुरुंगांत असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक अद्याप दोषी ठरलेले नसतात. ते खटल्याची वाट पाहत असतात, आणि त्यांतील कित्येक केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत असतात. त्यांना औषध वेळेवर मिळते की नाही, त्यांच्याशी पहारेकरी कसे वागतात, हे बहुधा शेरीफच्या कारभारावर ठरते. आपण तुरुंगात होतो तेव्हा कोण भेटावयास आले, असा प्रश्न प्रभू येशू न्यायाच्या दिवशी विचारणार आहे. त्या तुरुंगाची किल्ली कोणाच्या हाती द्यावी हे ज्यांच्या मतावर ठरते, त्यांना तो प्रश्न अधिकच लागू पडतो.

पेनसिल्वेनियातील लुझर्न काउंटीचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. तेथील न्यायालयाचे मार्क शिवारेला आणि मायकेल कॉनहॅन हे दोन न्यायाधीश लोकांनी निवडून दिलेले होते. २००९ साली त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. मुलांसाठी बांधलेल्या खाजगी सुधारगृहांच्या व्यवहारात त्यांनी सुमारे २८ लक्ष डॉलर स्वीकारले होते. काउंटीचे स्वतःचे जुने सुधारगृह बंद पाडण्यात आले होते, आणि किरकोळ खोड्यांसाठीही मुलांना घरापासून दूर डांबले जात होते. कित्येक मुले वकिलाशिवायच न्यायाधीशापुढे उभी राहत. २०११ साली शिवारेला यांना २८ वर्षांची आणि कॉनहॅन यांना साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांविरुद्धचे हजारो निकाल रद्द केले.

मतदारांनी चौकशी केली असती, तर लाच उघडकीस आली असती काय? नाही. लाच गुप्त असते. एवढी अपेक्षा मतदाराकडून करणे अन्यायाचे होईल. परंतु मुलांना वकील मिळत नाही आणि साध्या गोष्टींसाठी त्यांना घरातून उचलून नेले जाते, हे काही गुप्त नव्हते. शिवारेला यांची कठोरता सर्वांना ठाऊक होती, किंबहुना ती पुष्कळांना आवडत होती. २००५ साली मतदारांनी त्यांना आणखी दहा वर्षांसाठी पदावर कायम ठेवले. येथे प्रश्न केवळ माहितीच्या अभावाचा नव्हता. जी माहिती समोर होती, तिचा अर्थ विचारण्याची तसदी घेतली गेली नाही. दुसऱ्याच्या मुलावर कठोरता झाली की आपल्याला ती शिस्त वाटते.

आपल्या नीतिशास्त्रात अज्ञानाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात जो भेद स्पष्ट केला, तो येथे उपयोगी पडतो. काही अज्ञान प्रयत्न करूनही दूर होत नाही. त्याचा दोष माणसाला लागत नाही. काही अज्ञान थोड्या प्रयत्नाने दूर झाले असते, पण आळसामुळे तसेच राहिले. त्याचा दोष लागतो. तिसरे अज्ञान मुद्दाम जपलेले असते. सत्य कळले तर वागणे बदलावे लागेल, म्हणून माणूस सत्याकडे पाठ फिरवितो. हे अज्ञान दोष कमी करीत नाही, उलट वाढविते. मतदाराने स्वतःला विचारावे: माझे अज्ञान या तिहींपैकी कोणते?

तरीही कोणी म्हणेल, की मी नाव न जाणता खूण केली, तर त्यात कोणाचे नुकसान? माझ्यासारखेच दुसरे कोणी दुसऱ्या नावापुढे खूण करतील आणि सारे समसमान होईल. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. जोॲन मिलर आणि जॉन क्रॉस्निक या दोन अभ्यासकांनी ओहायो राज्यातील तीन मोठ्या काउंट्यांतील १९९२ च्या निकालांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. त्या राज्यात मतदान केंद्रागणिक नावांचा क्रम बदलतो, त्यामुळे तुलना करणे शक्य झाले. जवळजवळ निम्म्या लढतींत नावाच्या क्रमाचा परिणाम दिसला, आणि तेथे पहिल्या क्रमांकाच्या नावाला सरासरी सुमारे अडीच टक्के मते अधिक मिळत असल्याचे आढळले. पक्षाचे नाव मतपत्रिकेवर नव्हते, तेथे हा परिणाम अधिक होता. याचा अर्थ असा, की न जाणता दिलेली मते समसमान वाटली जात नाहीत. ती एकाच बाजूला झुकतात: वरच्या नावाकडे, ओळखीच्या वाटणाऱ्या आडनावाकडे, रस्त्यावर ज्याचे फलक अधिक त्याच्याकडे. ज्याने चौकशी करून मत दिले, त्याचे मत असे न जाणता दिलेले मत पुसून टाकू शकते. अज्ञानाने केलेली खूण निष्पाप दिसते, पण तिचे वजन दुसऱ्या कोणाच्या तरी प्रामाणिक श्रमावर पडते.

मग जी जागा कळत नाही ती कोरी ठेवावी काय? कायद्याने तशी मोकळीक आहे. एखाद्या पदासाठी खूण केली नाही म्हणून बाकीची मतपत्रिका बाद होत नाही. माझ्या मते येथे दोन प्रकारच्या कोऱ्या जागांत भेद करावयास हवा. प्रामाणिक प्रयत्न करूनही दोन उमेदवारांत निवड करण्याइतके काही हाती लागले नाही, तर जागा कोरी ठेवणे हा सत्यनिष्ठेचा भाग आहे. मला ठाऊक नाही, असे तो मतदार नम्रपणे सांगतो आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यावर निर्णय सोपवितो. परंतु ज्याने काहीच शोधले नाही आणि जागा कोरी ठेवून आपण अंधपणे मत दिले नाही याचे समाधान मानले, त्याने एक दोष टाळण्यासाठी दुसरा पत्करला. सेवकांच्या दाखल्यातील ज्याने नाणे जमिनीत पुरले, त्यानेही ते हरवले नव्हते.

येथे एक रास्त हरकत येते. ज्या मतपत्रिकेवर कितीतरी पदे आणि त्याहून अधिक नावे आहेत, तिच्यातील प्रत्येकाची चौकशी नोकरी करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या माणसाने कशी करावी? ही हरकत अमेरिकेतही फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोकसत्तेच्या उत्साहात निवडून द्यावयाच्या पदांची संख्या वाढत गेली. १९०९ साली रिचर्ड चाइल्ड्स यांनी आखूड मतपत्रिकेची चळवळ सुरू केली. मतदाराला थोडीच नावे द्या, म्हणजे तो ती नीट पारखून घेईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे अजूनही विचार करण्याजोगे आहे, पण मतपत्रिका मात्र बहुतेक ठिकाणी लांबच राहिली. टेक्ससमध्ये सार्वत्रिक निवडणुकीत एकाच खुणेने पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोय होती, तीही २०२० पासून बंद झाली.

नीतिशास्त्राचे उत्तर असे, की शक्तीपलीकडचे बंधन कोणावरही नाही. पण शक्तीपलीकडे काय आहे हे माणसाने प्रामाणिकपणे ठरवावे. नवे वाहन घेताना आपण किती संध्याकाळी खर्च करतो? मुलीच्या लग्नासाठी स्थळ पाहताना किती जणांना विचारतो? त्याच मनाने एक संध्याकाळ दिली तरी पुष्कळ होते. आणि सारे एकट्याने करावयाचे नसते. संत थॉमस यांनी शहाणपणाच्या अंगांत दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी हेही एक अंग मानले आहे. घरातील चार माणसांनी पदे वाटून घ्यावीत, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या उमेदवारांची माहिती काढावी आणि जेवणाच्या टेबलाशी ती सर्वांपुढे ठेवावी. दुसऱ्याच्या अभ्यासावर विसंबणे यात दोष नाही, त्याने अभ्यास केला आहे याची खात्री असली म्हणजे झाले.

चौकशी कशाची करावी? बायबलमध्ये याचे फार व्यवहारी मार्गदर्शन आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, न्यायनिवाड्यासाठी माणसे निवडण्याचा सल्ला देतो. ती माणसे कर्तबगार असावीत, देवाला भिणारी असावीत, सत्याची चाड असलेली असावीत आणि त्यांना लाचेचा तिटकारा असावा, एवढेच तो सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी सात जण निवडले जातात. काम भोजनाच्या व्यवस्थेचे, पण त्यासाठीही चांगल्या नावलौकिकाची, आत्म्याने व सुज्ञतेने पूर्ण अशी माणसे पाहा, असे प्रेषित सांगतात. पद लहान म्हणून कसोटी लहान केलेली नाही.

या कसोट्या काउंटीच्या उमेदवारांना लावणे कठीण नाही. पहिली पायरी म्हणजे पदाचे काम काय हे जाणून घेणे. कॉरोनरच्या पदासाठी उभा असलेला माणूस परराष्ट्र धोरणावर बोलत असेल, तर तो पदाविषयी बोलत नाही. बहुतेक ठिकाणी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून नमुना मतपत्रिका आधी मिळते. ती घरी आणून सावकाश पाहावी. उमेदवार सध्या पदावर असेल, तर मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते व अंदाजपत्रके लोकांना पाहता येतात. त्याने कशाच्या बाजूने मत दिले हे त्यांत कळते. त्याला निवडणुकीसाठी पैसा कोणी दिला, याची विवरणपत्रे दाखल करावी लागतात व तीही पाहता येतात. तुरुंगाला माल पुरविणारा ठेकेदारच शेरीफच्या उमेदवाराला मोठी देणगी देत असेल, तर इथ्रोची चौथी कसोटी आठवावी. १९२० साली स्थापन झालेली लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संस्था कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाही. अनेक ठिकाणी ती सर्व उमेदवारांना एकच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे शेजारी शेजारी छापते. आणि स्थानिक निवडणुकीत उमेदवार स्वतः भेटू शकतो. त्याला एक साधा प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी या पदाच्या कामात काय चुकले आणि तुम्ही काय वेगळे केले असते? उत्तरावरून माणूस पुष्कळ कळतो.

वृत्तपत्रांचा आधार मात्र पूर्वीसारखा उरलेला नाही. स्थानिक बातम्या देणारे एकही साधन नाही अशा काउंट्यांची संख्या आता दोनशेच्या वर गेली आहे. जेथे बातमीदार उरला नाही, तेथे त्याची जागा अफवा घेते. आणि येथेच या प्रश्नाची दुसरी, अधिक नाजूक बाजू सुरू होते.

दुसऱ्यांचा न्याय करू नका, अशी प्रभूची आज्ञा आहे. धर्मशिक्षणग्रंथाने परनिंदेचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याचा दोष खरा मानणे हा अविचारी निवाडा. दोष खरा असला तरी योग्य कारणाशिवाय तो ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगणे ही निंदा. आणि खोटे सांगून दुसऱ्याचे नाव बिघडविणे ही कुटाळकी. निवडणुकीच्या काळात हे तिन्ही दोष धर्मग्रामाच्या आवारातही सहज शिरतात. मग उमेदवाराची चौकशी करणारा ख्रिस्ती माणूस या आज्ञेचा भंग करतो काय?

संत थॉमस यांनी अविचारी निवाड्याचा विचार करताना एक भेद केला आहे. शंकास्पद बाबतीत दुसऱ्याविषयी चांगलाच अर्थ घ्यावा, असे ते सांगतात. वाईट माणसाला चांगला मानण्याची चूक अनेकदा झाली तरी चालेल, पण चांगल्या माणसाला वाईट ठरविण्याची चूक क्वचितही होऊ नये. मात्र जेथे एखाद्या अनर्थावर उपाय योजावयाचा आहे, तेथे वाईटाची शक्यता गृहीत धरून सावध राहणे हितकारक, कारण त्यात कोणावर निवाडा होत नाही, केवळ काळजी घेतली जाते. पतपेढीच्या खजिनदाराने हिशेब दाखवावा, असे आपण म्हणतो तेव्हा त्याला चोर ठरवीत नाही. उमेदवाराच्या अंतःकरणाचा न्याय परमेश्वराचा आहे. त्याच्या हाती तुरुंगाची किल्ली द्यावी की नाही, एवढाच न्याय मतदाराचा आहे.

यावरून मर्यादाही स्पष्ट होतात. पदाच्या कामाशी ज्याचा संबंध आहे ते विचारावे. कोषाधिकारी होऊ पाहणाऱ्याने सार्वजनिक पैशाचा हिशेब कधी चुकविला काय, हे विचारणे योग्य. त्याचा मुलगा शाळेत नापास झाला काय, त्याच्या बहिणीचा संसार का मोडला, हे विचारणे अयोग्य. जे कळले ते मूळ कागदावरून पडताळावे, आणि पडताळता आले नाही तर ते दुसऱ्याला सांगू नये. ज्याच्याविरुद्ध काही ऐकले त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय मन बनवू नये. आणि हीच चौकशी आपल्या पसंतीच्या उमेदवाराची तितक्याच कसोशीने करावी. ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे. विरोधकाचे दोष शोधणे याला पुष्कळदा आपण चौकशी म्हणतो, पण तो केवळ वकिलीचा एक प्रकार असतो.

धर्मगुरूचे स्थान येथे कोणते, हेही सांगितले पाहिजे. १९८३ च्या धर्मविधी संहितेने धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. वेदीवरून उमेदवाराचे नाव घेतले गेले, तर ज्याचे मन वेगळे आहे तो त्या वेदीपासून दुरावतो. शिवाय, धर्मगुरूने नाव सुचविले की लोकांना चौकशी करण्याचे कारण उरत नाही. त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला मदत करण्याऐवजी तो तिची जागा घेतो. आमचे काम पारख कशी करावी हे शिकविण्याचे आहे. पारख ज्याची त्यानेच करावयाची.

आपल्या येथील परिस्थिती पाहिली, तर ती काहीशी उलट आहे. गावातील उमेदवार आपल्याला अनोळखी नसतो. त्याचे घर, त्याचे आजोबा, त्याच्या शेताचा बांध, सारे ठाऊक असते. ठाऊक आहे म्हणूनच आपण विचारीत नाही. तो आपल्या आळीचा आहे, आपल्या नात्यातला आहे, आपल्या लग्नाला आला होता, एवढे पुरते. संपत्ती, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले यांची माहिती उमेदवाराने द्यावी, हा मतदाराचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केला आणि २००३ साली पुन्हा दृढ केला. त्यासाठी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेला न्यायालयात जावे लागले होते. पण ती प्रतिज्ञापत्रे वाचणारे आपल्या ओळखीत किती आहेत? अमेरिकेतील आपल्या मुलाला उमेदवार माहीत नसतो. आपल्याला तो माहीत आहे असे वाटत असते. या दोन अज्ञानांत दुसरे अधिक अवघड, कारण ते स्वतःला अज्ञान म्हणून ओळखतच नाही.

शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम झाडांची एक गोष्ट सांगतो. झाडांना राजा हवा होता. त्यांनी जैतुनाच्या झाडाला विचारले, अंजिराला विचारले, द्राक्षवेलीला विचारले. प्रत्येकाने आपापले उपयोगी काम सोडून राज्य करण्यास नकार दिला. शेवटी त्यांनी काटेरी झुडपाला विचारले, आणि ते लगेच तयार झाले. आपल्या सावलीला या, असे ते म्हणाले. नाहीतर आपल्यातून आग निघेल आणि मोठमोठे देवदारही भस्म होतील. या गोष्टीवरून चांगल्या माणसांनी सार्वजनिक कामापासून दूर राहू नये, असा बोध आपण घेतो आणि तो खराच आहे. पण काटेरी झुडपाला सावली नसते, हे तेथील प्रत्येक झाडाला दिसत होते. सावली कोठे आहे, असे त्याला कोणीही विचारले नाही.

विचारण्याचा हा अधिकार लोकशाहीने आपल्या हाती दिला आहे. तो वापरताना प्रेम सोडू नये, आणि प्रेमाच्या नावाखाली तो टाकूनही देऊ नये. पुढच्या वेळी मतपत्रिका हाती येईल, मग ती परदेशातील काउंटीची असो वा आपल्या गावची, तेव्हा प्रत्येक नावापुढे खूण करण्याआधी मनाशी एकच वाक्य पुरे करून पाहावे: या माणसाला मी हे पद देत आहे, कारण... त्या शब्दापुढे काहीच आले नाही, तर हात आवरावा आणि दिवस शिल्लक असतील तर चौकशीला लागावे.